अतिवृष्टीची सुट्टी आणि शिक्षकांची हजेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश रात्री उशिरा मोबाइलवर फिरू लागला, की मुलांच्या घरी आनंद आणि शिक्षकांच्या गटांत वाद एकाच वेळी सुरू होतो. मुले घरी राहणार हे नक्की असते. गुरुजींनी आणि बाईंनी सकाळी निघायचे की नाही, हे मात्र नक्की नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेड या भागांत पावसाने जो कहर केला, त्यानंतर असे प्रश्न येण्याचे थांबलेलेच नाही. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांनी पुन्हापुन्हा विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांना धरून दिली आहेत. खासगी विनाअनुदानित शाळांसाठी प्रश्न १३ पाहावा.

१. पावसामुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली, म्हणजे शिक्षकांनाही सुट्टी असते का?

ते आदेशाच्या शब्दांवर अवलंबून असते आणि बहुतेक भांडणे आदेश पूर्ण न वाचल्यामुळे होतात. काही आदेशांत शाळा, महाविद्यालये व अंगणवाड्या ‘बंद राहतील’ एवढेच म्हटलेले असते. काही आदेशांत सुट्टी विद्यार्थ्यांपुरती असते आणि मुख्याध्यापक, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी शालेय वेळेत उपस्थित राहून आपत्ती व्यवस्थापनाची कामे करावीत, असे वाक्य शेवटच्या परिच्छेदात असते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रात पहिली चार ओळींची बातमी असते, शेवटचा परिच्छेद नसतो. म्हणून मूळ आदेशाची प्रत मिळवून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

आदेश शिक्षकांबाबत काहीच बोलत नसेल आणि सुट्टी ‘शाळांना’ दिलेली असेल, तर माझ्या मते ती संपूर्ण शाळेला लागू होते, कारण शाळा या शब्दात शिकवणारेही येतात. तथापि गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी यांनी वेगळे लेखी स्पष्टीकरण दिले असेल, तर ते पाळावे लागेल.

२. सुट्टी नेमकी कोण जाहीर करू शकते? मुख्याध्यापक स्वतः ठरवू शकतात का?

आपत्तीच्या कारणाने दिलेली सुट्टी सामान्यतः जिल्हाधिकारी जाहीर करतात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम २५ नुसार ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि सुट्टीच्या आदेशांत बहुधा याच कायद्याच्या कलम ३० व ३४ चा आधार घेतलेला असतो. आदेश संपूर्ण जिल्ह्यासाठी असेल असे नाही. भूम-परंड्यापुरता किंवा मुखेडपुरता आदेशही निघू शकतो. अशा वेळी राहते घर कोणत्या तालुक्यात आहे याला महत्त्व नसून शाळा कोणत्या तालुक्यात आहे ते पाहायचे असते.

मुख्याध्यापकांच्या अधिकारात वर्षाला दोन सुट्ट्या असतात. त्या बहुधा गावची जत्रा, ऊरूस किंवा बाजार यांसाठी राखून ठेवल्या जातात. पण ओढ्याला अचानक पाणी आले आणि जिल्ह्याचा आदेश आलेला नाही, अशा सकाळी त्यातील एक वापरण्यास काहीच हरकत नाही. केंद्रप्रमुखांना कळवावे, शाळेच्या दप्तरात नोंद करावी. गावातील नाल्याची पातळी जिल्ह्याच्या मुख्यालयातून दिसत नाही. ती पाहू शकणाऱ्या माणसाने आदेशाची वाट पाहत मुलांना पाण्यात घालू नये.

३. हवामान खात्याचा रेड अलर्ट असला, की शाळा आपोआप बंद असते का?

नाही. इशारा हा प्रशासनाने तयारीत राहावे यासाठी असतो. सुट्टीसाठी स्वतंत्र आदेश लागतो. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे जोरदार, २०४.४ पर्यंत अति जोरदार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस. महसूल मंडळात ६५ मिलिमीटरची ‘अतिवृष्टी’ नोंदली गेली, तर ती नोंद पीक नुकसानीच्या कामी येते. तिचा शाळेच्या सुट्टीशी थेट संबंध नाही.

४. आदेशात ‘विद्यार्थ्यांना सुट्टी, शिक्षकांनी उपस्थित राहावे’ असे आहे. मुले नसताना शाळेत बसून आम्ही काय करायचे?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे आणि त्यामागचा वैताग समजण्यासारखा आहे. आदेश असेल तर जावे लागते, हे नियमाचे उत्तर झाले. शाळेत गेल्यावर करण्यासारखे काम निश्चितच असते. गळणाऱ्या वर्गखोलीतील दप्तर, पुस्तके आणि पोषण आहाराचा तांदूळ कोरड्या जागी हलवणे, विजेचे मुख्य बटण बंद करणे, पडायला झालेल्या भिंतीची किंवा संरक्षक भिंतीची छायाचित्रे काढून अहवाल पाठवणे आणि वस्तीवरील किंवा तांड्यावरील कोणत्या मुलांच्या घरात पाणी शिरले आहे याची चौकशी करणे, ही कामे त्या दिवशीच करावी लागतात. दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजून गेलेला असतो.

परंतु या कामांना सहा शिक्षक लागत नाहीत. गावात किंवा जवळ राहणारे एक-दोघे ती करू शकतात. ज्यांना तालुक्याच्या गावाहून पंचवीस-तीस किलोमीटर दुचाकीवर यावे लागते, त्यांनी केवळ हजेरीपटावर सही करण्यासाठी तेवढे अंतर भर पावसात कापावे, ही अपेक्षा मला समर्थनीय वाटत नाही. ज्या रस्त्यावरून विद्यार्थ्याने येणे धोक्याचे आहे म्हणून सुट्टी दिली, तोच रस्ता शिक्षकासाठी त्याच सकाळी सुरक्षित कसा होतो, याचे उत्तर अशा आदेशांत सापडत नाही. पाणी माणसाचे पद पाहत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिक्षक पूर्ण पगारी सेवक आहेत; त्या दिवशी तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य सेविका आणि वायरमन कामावर असतात. त्यामुळे ‘मुले नाहीत, म्हणजे आमचा काहीच संबंध नाही’ ही भूमिका गावाला पटत नाही आणि पटूही नये. माझे मत असे, की अतिवृष्टीच्या दिवशी शिक्षकाकडून कामाची अपेक्षा ठेवावी, हजेरीची ठेवू नये. ज्याला शाळेत करण्यासारखे निश्चित काम आहे आणि तेथे पोहोचण्याचा सुरक्षित मार्ग आहे, त्याला नावानिशी बोलवावे. बाकीच्यांना घरून करता येण्याजोगे काम द्यावे आणि ते झाले का, ते विचारावे.

५. शाळेकडे जाणारा पूल पाण्याखाली आहे आणि आदेशात उपस्थिती अनिवार्य आहे. गेलो नाही तर गैरहजेरी लागेल का?

लागू नये, मात्र त्यासाठी त्याच दिवशी हालचाल करणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट, पाणी वाहत असलेला पूल किंवा नळकांडी पूल ओलांडू नये. गुडघ्याएवढे दिसणारे पाणी दुचाकी सहज वाहून नेते आणि खालचा भराव खचला आहे की नाही, ते वरून कळत नाही. मांजरा, तेरणा, सीना, सिंदफणा, लेंडी, कयाधू या नद्यांच्या काठच्या गावांत हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मात्र सहीच्या धास्तीने पाण्यात गाडी घालणारे याच भागांत असतात, म्हणून लिहावे लागते.

दुसरी गोष्ट, पुलाच्या अलीकडून मुख्याध्यापकांना फोन करावा आणि लगेच लेखी संदेश पाठवावा, ज्यात वेळ, ठिकाण आणि छायाचित्र असेल. रस्ता पोलिसांनी किंवा महसूल यंत्रणेने अडवला असेल तर तसे नमूद करावे. शक्य असल्यास अलीकडच्या एखाद्या शाळेत किंवा पंचायत समितीत हजेरी नोंदवावी. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या शिक्षेच्या कलमांतही ‘वाजवी कारण’ ग्राह्य धरलेले आहे (प्रश्न ९). जो आदेश पाळताना जीव धोक्यात येतो, तो न पाळण्यास वाहता पूल हे वाजवी कारण नसेल, तर त्या शब्दांना अर्थच उरत नाही. तरीही गैरहजेरी मांडली गेल्यास रजेचा अर्ज मुकाट्याने देण्याऐवजी पुराव्यासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तो दिवस नियमित करण्याची लेखी विनंती करावी.

६. मी पालक आहे. गुरुजी गावातच राहत असते, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. मुख्यालयी राहण्याच्या नियमाचे काय?

प्रश्न टोचणारा आहे, पण गैर नाही. मुख्यालयी राहण्याची अट आणि घरभाडे भत्त्यासाठी मागितला जाणारा, शिक्षक गावातच राहतो असा ग्रामसभेचा ठराव यांवरून मराठवाड्यात अनेक वर्षे वाद चालू आहे आणि २०२२ मध्ये तो विधिमंडळातही गाजला. अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकाला पावसाळ्यात गाव गाठता येत नाही, हे खरे आहे. त्याचप्रमाणे अनेक वाड्या-तांड्यांवर कुटुंबासह भाड्याने राहता येईल असे घर मिळत नाही, हेही खरे आहे आणि ते पालकांनाच अधिक चांगले माहीत असते. हा वाद सोडवण्याचा दिवस पुराचा नव्हे. शिक्षक कोठे राहतो याची चौकशी ऑक्टोबरमध्ये करता येईल. तो नियम मोडतो म्हणून त्याने वाहत्या ओढ्यातून यावे, असे म्हणणे म्हणजे नियमभंगाची शिक्षा पाण्याच्या हाती सोपवणे होय.

७. पूरग्रस्तांच्या कामाला शिक्षकांना लावता येते का? ते अशैक्षणिक काम नाही का?

लावता येते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ चे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई करते. पण त्याच कलमात तीन अपवाद आहेत : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारणाचे काम आणि निवडणुकांचे काम. त्यामुळे ‘आम्हाला अशैक्षणिक काम नको’ हा एरवी न्याय्य असलेला मुद्दा पुराच्या वेळी टिकत नाही. शिवाय आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ३३ नुसार जिल्हा प्राधिकरण जिल्हा पातळीवरील कोणत्याही अधिकाऱ्याला, विभागाला किंवा स्थानिक प्राधिकरणाला उपाययोजना करण्याचा आदेश देऊ शकते आणि तो पाळणे बंधनकारक असते. जिल्हा परिषद ही स्थानिक प्राधिकरणच आहे.

मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. अपवाद ‘आपत्ती निवारणा’चा आहे, पावसाळ्यातील प्रत्येक कामाचा नाही. निवारा केंद्रात कुटुंबांची यादी करणे, जेवणाचे व पाण्याचे नियोजन पाहणे, मुले व वृद्ध यांची नोंद ठेवणे आणि कोणते कुटुंब अद्याप आलेले नाही ते सांगणे ही कामे शिक्षकाला चांगली जमतात, कारण गावातील प्रत्येक घर त्याला मुलांच्या नावांवरून ठाऊक असते. पाण्यातून माणसे काढणे हे प्रशिक्षित पथकांचे काम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ परिसरात आणि सप्टेंबरमध्ये परंडा तालुक्यात अशी पथके उतरवावी लागली होती. दोर आणि होडी घेऊन शिक्षकाला उभे करणे कोणालाच परवडणारे नाही. पिकांचे पंचनामेही महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत या तीन विभागांचे काम आहे. पाणी ओसरल्यावर आठवडाभर शिक्षकांना त्यासाठी शिवारात फिरवणे हा कलम २७ च्या अपवादाचा ताणून लावलेला अर्थ ठरतो.

८. आदेश फक्त व्हॉट्सॲप गटावर आला आहे. तो पाळणे बंधनकारक आहे का?

सही व जावक क्रमांक असलेल्या आदेशाची प्रत गटावर आली असेल, तर ‘कागद हातात मिळाला नाही’ ही सबब चालणार नाही. केवळ ‘उद्या सर्वांनी शाळेत हजर राहावे’ असा मजकूर असेल, तर तो कोणत्या आदेशाच्या आधारे आहे हे त्याच गटावर नम्रपणे विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. रात्री अकराला आलेल्या फोनवरील तोंडी सूचनेलाही सकाळी एका ओळीच्या संदेशाने दुजोरा मागता येतो.

९. आपत्तीच्या कामाला नकार दिला तर काय होऊ शकते?

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ नुसार, वाजवी कारणाशिवाय जिल्हा प्राधिकरणाचे निर्देश नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या नकारामुळे जीवितहानी झाली किंवा तसा धोका निर्माण झाला, तर मर्यादा दोन वर्षांपर्यंत जाते. कलम ५६ हे नेमून दिलेले कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी आहे. त्यात वरिष्ठांची लेखी परवानगी किंवा कायदेशीर सबब असेल तर सूट मिळते. प्रत्यक्षात प्रकरण बहुधा कारणे दाखवा नोटिशीपर्यंत जाते. गंभीर आजार, गरोदरपण, अपंगत्व किंवा रस्ता बंद असणे ही कारणे नोटिशीनंतर सांगण्यापेक्षा आदेश मिळताच कळवावीत.

१०. शाळेची इमारत निवारा केंद्रासाठी घेतली आहे. किल्ली कोणाकडे द्यायची आणि मुख्याध्यापकांनी तेथे रात्रभर थांबावे का?

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ नुसार जिल्हा प्राधिकरण इमारत अधिग्रहित करू शकते, त्यामुळे किल्ली नाकारता येत नाही. ती तलाठी किंवा आदेशात नमूद केलेल्या व्यक्तीकडे पोच घेऊन द्यावी. त्यापूर्वी संगणक, दाखल खारीज रजिस्टर, सेवापुस्तके आणि प्रयोगशाळेतील रसायने एका खोलीत ठेवून ती कुलूपबंद करावी. रात्री थांबण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर आपोआप येत नाही. ती दिली असेल तर लेखी असावी आणि पाळीने असावी. जायकवाडीतून सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तीन लाख क्युसेकहून अधिक पाणी सोडावे लागले, तेव्हा गोदाकाठची कुटुंबे सुरक्षित जागी हलवावी लागली. असे मुक्काम एका रात्रीत आटोपत नाहीत. एकाच माणसाच्या जिवावर केंद्र चालवले, तर तिसऱ्या दिवशी तो माणूस आणि केंद्र दोन्ही कोलमडतात.

११. सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन वर्ग घेण्याची सक्ती करता येते का?

शिक्षकाला घरून काम देता येते, हे प्रश्न ४ मध्ये आलेच आहे. मात्र वादळी पावसात वीज आणि नेटवर्क सर्वांत आधी जाते आणि अनेक घरांत एकच मोबाइल असतो, जो शेतातून आलेल्या वडिलांच्या खिशात असतो. अशा वर्गाला पटावरील थोडीच मुले येतात आणि नंतर तोच पाठ पुन्हा घ्यावा लागतो. त्यापेक्षा उत्तरपत्रिका तपासणे, घटक नियोजन, विद्यार्थ्यांच्या नोंदी पूर्ण करणे आणि फोनवरून पालकांशी बोलणे ही कामे त्या दिवशी खरोखर होतात.

१२. बुडालेले दिवस भरून काढावे लागतात का?

लागतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अपेक्षित आहेत. शिक्षकांसाठी तयारीच्या वेळेसह आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत. दोन-चार दिवसांच्या सुट्टीने या किमान मर्यादेला धक्का लागत नाही. पण आठवडा-दहा दिवस गेले, तर शनिवारी पूर्ण वेळ शाळा किंवा दिवाळीच्या सुट्टीतून काही दिवस असा मार्ग काढला जातो. त्याचा निर्णय शिक्षण विभागाकडून होतो.

प्रश्न ४ मधील वादाचे उत्तरही याच आकड्यांत आहे. रिकाम्या वर्गात शिक्षकांना बसवून अध्यापनाचा एकही तास भरत नाही. त्यांना पावसात बोलावून एक दिवस वाया घालवायचा आणि पुढे तोच दिवस भरून घेण्यासाठी पुन्हा बोलवायचे, हा हिशेब कोणत्याही बाजूने जुळत नाही. ज्या दिवशी शिक्षकाने आदेशानुसार आपत्तीचे काम केले, तो त्याच्या सेवेचा दिवस आहेच. मुलांचा बुडालेला दिवस मात्र त्याने भरून निघत नाही. या दोन नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात.

१३. आमची शाळा खासगी आहे. जिल्ह्यात सुट्टी असूनही संस्थाचालक शिक्षकांना बोलावतात. त्यांना तसे करता येते का?

आदेशात ‘सर्व व्यवस्थापनांच्या व सर्व माध्यमांच्या शाळा’ असे शब्द असतील, तर तो स्वयंअर्थसहाय्यित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही लागू असतो. ‘बंद’ असे म्हटलेले असताना शिक्षकांना प्रवेश अर्जांसाठी किंवा स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी बोलावणे हा आदेशाचा भंग ठरू शकतो. सुट्टी केवळ विद्यार्थ्यांना असेल, तर व्यवस्थापन बोलावू शकते, परंतु प्रवासाच्या धोक्याबाबत प्रश्न ५ मधील उत्तर येथेही लागू पडते. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने ठरतात. अशा एका दिवसासाठी तोंडी सांगून कामावरून कमी करणे त्या चौकटीत बसत नाही. हे कागदावरचे संरक्षण प्रत्यक्षात वापरणे विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाला किती कठीण जाते, याची कल्पना आहे. म्हणून एकट्याने बोलण्याऐवजी सर्व शिक्षकांनी मिळून मुख्याध्यापकांमार्फत विचारणा करावी.

१४. सुट्टीच्या दिवसांचा पगार कापला जातो का?

मासिक वेतनावरील शिक्षकांचा नाही. शिक्षणसेवकांचे मानधनही मासिक आहे (१ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये), त्यामुळे तेही कापले जात नाही. खरा फटका घड्याळी तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना बसतो. तास झाला नाही तर पैसे नाहीत आणि सुट्टी मिळाली म्हणून बस किंवा खोलीभाडे थांबत नाही. पुढे जादा तासिका घेतल्या जाणार असतील, तर त्या प्राधान्याने या शिक्षकांना द्याव्यात, एवढे तरी मुख्याध्यापकांच्या हाती असते.

१५. शाळा भरल्यानंतर पाऊस सुरू झाला आणि दुपारी सुट्टीचा आदेश आला. शिक्षकांनी कधी निघावे?

शेवटचे मूल सुरक्षितपणे घरी पोहोचेपर्यंत किंवा पालकांच्या ताब्यात जाईपर्यंत शिक्षकांनी थांबलेच पाहिजे, याला अपवाद नाही. घाईने शाळा सोडणे हा कित्येकदा सर्वांत धोकादायक निर्णय असतो, कारण मुले नेमकी पाणी चढत असताना रस्त्यावर येतात. ओढ्यापलीकडील वस्तीची मुले वेगळी काढून त्यांना शाळेतच ठेवावे आणि पालकांना फोन करावा. विजा चमकत असतील तर झाडाखाली किंवा ध्वजस्तंभाजवळ कोणालाही उभे करू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजेची सूचना देते, ते एका तरी शिक्षकाच्या मोबाइलवर असावे. शिक्षिका लहान गावांत एकट्या अडकू शकतात. त्यांच्या परतीची व्यवस्था हा मुख्याध्यापकांच्या जबाबदारीचा भाग मानला जावा.

१६. उन्हाळ्यातही हाच नियम लागू होतो का?

तत्त्व तेच आहे, परिस्थिती वेगळी आहे. पूर रात्रीतून येतो. एप्रिलचे ऊन येणार हे सर्वांना जानेवारीतच माहीत असते. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त असेल, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते. मार्च २०२५ मध्ये राज्यभर प्राथमिक शाळांसाठी सकाळी ७ ते ११.१५ आणि माध्यमिकसाठी ७ ते ११.४५ अशी वेळ ठरवण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये खारघर येथील उष्माघाताच्या दुर्घटनेनंतर राज्य मंडळाच्या शाळांना २१ एप्रिलपासूनच सुट्टी देण्यात आली होती.

शिक्षकांची तक्रार अशी असते, की मुले सव्वाअकराला जातात आणि त्यांना मात्र माहिती भरण्यासाठी एक-दीडपर्यंत थांबवून ऐन उन्हात परत पाठवले जाते. ज्या कामासाठी थांबवले जाते ते बहुतेक मोबाइलवर भरायचे असते, त्यामुळे ही तक्रार मला रास्त वाटते. जाता जाता एक विसंगती : २०२५ मध्ये विदर्भातील शाळा २३ जूनला उघडल्या आणि उर्वरित राज्यातील १६ जूनला. पैनगंगेच्या एका काठावर यवतमाळ आणि दुसऱ्या काठावर नांदेड-हिंगोली आहे. ऊन नदी पाहून थांबत नाही.

१७. माझी बहीण अमेरिकेत शिक्षिका आहे. तेथे बर्फ पडला की शिक्षकांनाही घरी राहायला मिळते, असे ती सांगते. आपल्याकडे तसे का नाही?

तेथे निर्णय स्थानिक शाळा-जिल्ह्याचे प्रमुख घेतात, बहुधा पहाटेपर्यंत, आणि अनेक ठिकाणी ‘बर्फाचा दिवस’ म्हणजे इमारत सर्वांसाठीच बंद असते. मात्र तो दिवस फुकट नसतो. न्यूयॉर्क राज्यात वर्षाला १८० दिवसांची अट आहे. अनेक शाळा-जिल्हे वेळापत्रकात आधीच काही दिवस राखून ठेवतात आणि ते संपल्यास सुट्टीतून किंवा जूनमध्ये भरून काढतात. शिक्षकाने काय करायचे, हे सेवाकरारात लिहिलेले असते. न्यूयॉर्क शहराने २०२०-२१ पासून बर्फाची सुट्टी बंद करून त्याऐवजी घरून शिकवण्याची पद्धत आणली. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ती वापरली गेली, तेव्हा सकाळी असंख्य मुलांना व शिक्षकांना प्रणालीत प्रवेशच मिळेना.

आपल्या देशातही काश्मीर खोऱ्यात मोठी सुट्टी उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात असते. या उदाहरणांतून घेण्याजोगी गोष्ट एकच, की तेथे हा प्रश्न हंगामापूर्वी ठरलेला असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या विभागात पुराच्या सुट्टीची कायम नियमावली कोणाला सुचली नाही, यात नवल नाही. आता मात्र प्रत्येक जिल्ह्याने जूनमध्येच एक स्थायी सूचना काढून शिक्षकांबाबतचे वाक्य त्यात लिहून टाकावे.

१८. माझ्या स्वतःच्या लहान मुलाच्या शाळेला सुट्टी आहे आणि मला मात्र हजर राहायचे आहे. काही सवलत आहे का?

या कारणासाठी स्वतंत्र सवलत नाही. महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण तिला पूर्वमंजुरी लागते, त्यामुळे रात्री आलेल्या आदेशापुढे ती उपयोगी पडत नाही. किरकोळ रजा किंवा मुख्याध्यापकांशी बोलून घरून करण्याचे काम मागून घेणे, हेच व्यवहार्य मार्ग आहेत.

१९. १७ सप्टेंबरच्या ध्वजारोहणाच्या दिवशीच अतिवृष्टीची सुट्टी आली तर?

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन नेमका परतीच्या पावसाच्या तोंडावर येतो, त्यामुळे हा प्रश्न काल्पनिक नाही. सुट्टीच्या आदेशाने अध्यापन थांबते. ध्वजारोहणाचा शासकीय कार्यक्रम त्याने आपोआप रद्द होत नाही. मुलांना बोलावू नये, प्रभातफेरी काढू नये. गावात असलेले शिक्षक, सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांनी वेळेवर ध्वजारोहण करावे. शाळेचे पटांगणच पाण्याखाली असेल किंवा मुख्याध्यापक पोहोचू शकत नसतील, तर ग्रामपंचायतीच्या ध्वजारोहणास उपस्थित असलेल्या शिक्षकाचे नाव कळवून गटशिक्षणाधिकाऱ्यांची सूचना घ्यावी. १५ ऑगस्टलाही हेच लागू होते.

२०. परीक्षेच्या दिवशी सुट्टी जाहीर झाली, तर पर्यवेक्षकांनी जावे का?

शाळेची स्वतःची चाचणी असेल तर ती पुढे ढकलली जाते आणि पर्यवेक्षणाचा प्रश्न राहत नाही. मंडळाची किंवा विद्यापीठाची परीक्षा असेल, तर जिल्ह्याच्या आदेशावरून परस्पर निष्कर्ष काढू नये. दहावी-बारावीसाठी आपापल्या विभागीय मंडळाची, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी व हिंगोलीसाठी छत्रपती संभाजीनगरची आणि लातूर, नांदेड व धाराशिवसाठी लातूरची सूचना पाहावी. पुरवणी परीक्षा पावसाळ्यात येतात, तेव्हा याची गरज भासते. सूचना येईपर्यंत केंद्रसंचालकांनी केंद्र सोडू नये, कारण प्रश्नपत्रिकांचा ताबा त्यांच्याकडे असतो.

२१. मी आधीच किरकोळ रजा टाकली होती आणि त्याच दिवशी सुट्टी जाहीर झाली. रजा परत मिळेल का?

सुट्टी शिक्षकांनाही लागू असेल (प्रश्न १), तर किरकोळ रजा त्या दिवसापुरती रद्द करून मागावी, कारण सुट्टीचा दिवस किरकोळ रजेत धरला जात नाही. सुट्टी केवळ विद्यार्थ्यांना असेल, तर तो शिक्षकांसाठी कामाचाच दिवस राहतो आणि रजा खर्ची पडते. अर्जित रजेच्या मध्ये आलेल्या सुट्ट्या रजेतच मोजल्या जातात, त्यामुळे तेथे काहीच परत मिळत नाही. रजा रद्द करण्याचा अर्ज सुट्टीच्या आदेशाची प्रत जोडून त्याच महिन्यात द्यावा. वेतन देयक गेल्यानंतर दुरुस्तीला फार वेळ लागतो.